टाका की ठिगळ? हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

चंदीगडहून तुमच्याशी बोलतो आहे. एरवी या मालिकेत मी लढाया आणि पलटणी यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय ऑपरेशन टेबलावरचा आहे, पण त्याची सुरुवातसुद्धा एका संगिनीनेच होते.

विषय का निवडला ते आधी सांगतो. चंदीगड, पंचकुला, मोहाली या पट्ट्यात निवृत्त फौजींची मोठी वस्ती आहे. चंडीमंदिरचं कमांड हॉस्पिटल जवळ, पीजीआय तर शहरातच. साठी ओलांडलेले चार फौजी बाकावर बसले की गुडघ्यांनंतर हर्नियाचा विषय निघतोच. दुर्बिणीने करावं की उघड्या पद्धतीने? जाळी घालावी की नको? एकाचा मुलगा म्हणतो महागडं तेच घ्या, दुसऱ्याचा मेव्हणा म्हणतो जाळी अजिबात नको. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. पण हे प्रश्न कुठून आले, एवढं इतिहासाच्या आधारे सांगू शकतो.

आधी दुखणं समजून घेऊ. पुरुषाच्या जांघेजवळ पोटाच्या भिंतीत एक नैसर्गिक वाट असते. वृषणाकडे जाणारी दोरी आणि रक्तवाहिन्या तिथून जातात. वयाने, जुन्या खोकल्याने, कुंथण्याने किंवा जन्मापासूनच्या कमजोरीमुळे ही वाट सैल होते आणि आतडं किंवा चरबी बाहेर डोकावते. यालाच आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात. आजोबांच्या पिढीतले लोक कमरेला पट्टा बांधून दिवस काढायचे. पट्ट्याने फुगवटा आत दाबला जायचा, भोक मात्र तसंच राहायचं.

आता संगिनीची गोष्ट. १८६७ साली रोम मुक्त करायला निघालेल्या स्वयंसेवकांत एदुआर्दो बासिनी नावाचा तरुण डॉक्टर होता. व्हिला ग्लोरीच्या चकमकीत त्याला जांघेतच संगीन लागली आणि तो कैदेत पडला. तो वाचला, आणि पुढे पादुआमध्ये शल्यविशारद झाला. १८८७ साली त्याने आपली पद्धत इटलीतल्या शल्यविशारदांसमोर मांडली. तोवर बहुतेक जण पिशवी बांधून वरचं तोंड शिवून टाकत, आणि हर्निया परत येत असे. बासिनीने त्या वाटेची मागची भिंतच नव्याने उभी केली. स्नायूंचे थर खाली ओढून जांघेतल्या मजबूत पट्टीला शिवले. आधुनिक हर्निया शस्त्रक्रिया इथून सुरू झाली असं मानतात.

अडचण एकच होती, ताण. फाटलेल्या पँटची दोन टोकं ओढून शिवली, तर बसता-उठता टाका उसवतो. तसंच इथे होई. पुढची शंभर वर्षं शल्यविशारद या ताणाशीच झुंजत होते.

त्यातला एक डाव पुन्हा फौजेशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात भरतीच्या वैद्यकीय तपासणीवर डॉ. एडवर्ड अर्ल शोल्डाइस होते. धडधाकट पोरं केवळ हर्नियामुळे नापास होत होती. त्यांनी या तरुणांवर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. जागा तेवढी बधिर करायची, भिंत थरावर थर देऊन शिवायची आणि रुग्णाला लगेच चालायला लावायचं. १९४५ साली त्यांनी टोरांटोत केवळ हर्नियासाठी रुग्णालय काढलं. तिथे हर्निया परत येण्याचं प्रमाण अगदी कमी राहिलं. इतर ठिकाणी मात्र तीच पद्धत वापरूनही तसं यश सहजी मिळालं नाही. रोज तेच काम करणारा हात आणि महिन्यातून एकदा करणारा हात यांत फरक पडणारच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४८ साली ऑक्सफर्डच्या मोलोनी यांनी नायलॉनच्या धाग्याने रफू करण्याची पद्धत मांडली. ती स्वस्त होती, आणि भारतातल्या रुग्णालयांत पुष्कळ वर्षं चालली. मग अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची जाळी आणली. लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ साली १,००० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि गाडी रुळावर आली. त्यांचा विचार साधा होता. ओढून शिवूच नका, वरून ठिगळ लावा. ताण नाही म्हणून टाका उसवत नाही, दुखणंही कमी. मुख्य म्हणजे ही पद्धत शिकायला सोपी होती. सामान्य शल्यविशारदाच्या हातातही ती चांगली चालली.

पण ठिगळ महाग होतं, आणि इथे आपल्या खानदेशाचा प्रवेश होतो. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा तुम्हाला मिरचीच्या बाजारामुळे माहीत असेल. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर ग्रामीण शल्यविशारद म्हणून काम करत होते. शेतमजुराला आयात जाळी परवडणार कशी? त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिलं. तेही पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांपासूनच बनलेलं होतं, म्हणजे महागड्या जाळीच्याच कुळातलं. कापड कापून, निर्जंतुक करून त्यांनी वापरलं. इतर सहकाऱ्यांनाही बरोबर घेतलं आणि २००३ साली निष्कर्ष इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापले. कित्येकांनी नाकं मुरडली असतील. माणसाच्या पोटात मच्छरदाणी?

उत्तर मिळायला तेरा वर्षं लागली. पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची, आणि कुणाला कोणती हे चिठ्ठीने ठरलं. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. हा अहवाल २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अर्थात ही निवडून तपासलेली, नीट निर्जंतुक केलेली जाळी होती. बाजारातून मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जाऊ नका!

दुसरा मराठी धागा पुण्याचा. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. रुग्णाच्याच पोटावरच्या मजबूत पडद्याची एक पट्टी, एका बाजूने जोडलेली ठेवून, मागची भिंत म्हणून शिवायची. ही पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिक्टेनस्टाइनच्या पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोन-दोन जणांचा हर्निया परत आला होता. परकी वस्तू शरीरात नको असणाऱ्यांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

आता दुर्बीण. भारतात १९९० साली मुंबईत डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, आणि पुढे हर्नियाही त्या वाटेने गेला. यात जाळी मागच्या बाजूने बसते. जखम लहान, कामावर परतणं लवकर. दोन्ही बाजूंचा किंवा आधी उघडी शस्त्रक्रिया होऊन परत आलेला हर्निया असेल तर फायदा स्पष्ट. मात्र बहुधा पूर्ण भूल लागते आणि शिकायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २००४ साली आला. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के जणांचा हर्निया परत आला, उघड्या पद्धतीत ४.९ टक्के. पण ज्यांनी अशा २५० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्या हातून हे प्रमाण बरंच कमी होतं. शोल्डाइसची गोष्ट आठवली ना?

आणखी एक. २००६ सालच्या अमेरिकी अभ्यासात फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांना दोन गटांत विभागलं होतं. थांबून पाहणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली, पण आतडं अडकण्याची वेळ फार क्वचित आली. म्हणजे विचार करायला बहुतेक वेळा सवड असते. मात्र फुगवटा आत जाईनासा झाला, कळा आल्या, उलट्या झाल्या, तर एक तासही थांबू नका.

इतिहासातून मला दिसतं ते असं. खरी प्रगती ताण काढून टाकण्यात झाली, किमतीत नाही. आणि पद्धतीचा कस तिच्या जन्मदात्याच्या हातात लागत नाही, इतरांच्या रोजच्या कामात लागतो. म्हणून ‘सगळ्यात चांगली पद्धत कोणती’ असं विचारण्यापेक्षा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही पद्धत माझ्यासाठी का? तुम्ही अशा किती केल्यात? आणि तुमच्या रुग्णांत हर्निया किती वेळा परत आला? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

तुमच्या घरात कुणी पट्टा बांधून दुखणं लपवत असेल, तर हा भाग त्यांना जरूर ऐकवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.