दुवे व शोधयंत्रांतील क्रमवारी

आंतरजालावरील एखाद्या पृष्ठाकडे इतर संकेतस्थळांवरून येणाऱ्या दुव्यांवरून त्या पृष्ठाचे महत्त्व अजमावण्याची पद्धती. शोधयंत्राला सापडलेली पृष्ठे कोणत्या क्रमाने दाखवावयाची, हे ठरविताना इतर अनेक निकषांबरोबर तिचा अवलंब केला जातो.

या पद्धतीचे मूळ शास्त्रीय निबंधांतील संदर्भांच्या अभ्यासात आढळते. यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, हे अशा सूचीवरून कळते. गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नॅरिन यांनी १९७६ मध्ये तीत भर घातली : प्रभावी नियतकालिकाने दिलेल्या संदर्भाला अधिक भार असावा.

आरंभीची बहुतेक शोधयंत्रे मुख्यतः पृष्ठावरील शब्दांवरून क्रम लावीत. त्यामुळे एकच शब्द वारंवार लिहून त्यांना चकविणे सोपे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये ‘पेजरँक’ ही रीत प्रसिद्ध केली. तीनुसार प्रत्येक पृष्ठ आपले मोल आपण दिलेल्या दुव्यांत सारखे वाटते. साहजिकच शंभर दुवे देणाऱ्या पृष्ठाचा एक दुवा, तितक्याच मोलाच्या पण दोनच दुवे देणाऱ्या पृष्ठाच्या दुव्याहून हलका ठरतो. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गूगल कंपनीच्या यशाचा ही रीत पाया ठरली. जॉन क्लाइनबर्ग यांनीही याच सुमारास, ज्यांच्याकडे दुवे येतात ती अधिकृत पृष्ठे व चांगले दुवे देणारी केंद्रपृष्ठे, असा भेद करणारी रीत मांडली.

दुवा म्हणजे लेखकाने निरपेक्षपणे दिलेली शिफारस, हे या सर्व रीतींचे गृहीतक होय. दुव्यांना मोल येताच ते डळमळीत झाले. दुव्यांची खरेदी-विक्री व अदलाबदल सुरू झाली; केवळ परस्परांना दुवे देण्यासाठी संकेतस्थळांचे समूह उभारले गेले. यावर उपाय म्हणून क्रमवारीत धरू नये अशा दुव्यांसाठी ‘नोफॉलो’ ही खूण प्रमुख शोधयंत्रांनी २००५ मध्ये मान्य केली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या सुधारणेद्वारे कृत्रिम दुव्यांवर विसंबणाऱ्या संकेतस्थळांचा क्रम खाली आणला. पृष्ठाचा पेजरँक सर्वांना दाखविणारा आकडाही २०१६ मध्ये बंद करण्यात आला. दुव्यांच्या व्यापारात तोच भाव ठरविण्याचे माप झाला होता. नोफॉलोची खूण २०१९ पासून गूगलने बंधनकारक न मानता केवळ सूचक मानली.

अशा रीतीने, मोजले जाते हे ठाऊक नसताना दिलेली साक्ष विश्वसनीय, तर मोजले जाते म्हणून दिलेली संशयास्पद, ही अडचण या पद्धतीच्या मुळाशीच आहे. शास्त्रीय संदर्भांची मोजणीही या अडचणीतून सुटलेली नाही.