मांडुळाची माती

नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी नांगरट चालू असताना, फाळामागे कधीकधी मनगटाएवढा जाड, तांबूस तपकिरी साप वर येतो. तो पळायला बघत नाही. अंगाची गुंडाळी करून डोके तिच्याखाली दडवतो आणि बोथट शेपूट वर उचलून धरतो. डोके आणि शेपूट यांची जाडी जवळजवळ सारखी असल्याने शत्रूचा पहिला वार शेपटावर बसतो आणि डोके बचावते. हे मांडूळ. माणसाने त्याला दुतोंड्या ठरवले ते या एका सवयीवरून, आणि सहा महिने एका तोंडाने, सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो ही समजूतही त्यातूनच आली.

मांडूळ बिनविषारी आहे आणि बोआंच्या कुळातले आहे. दक्षिण अमेरिकेतला बोआ आणि पारनेरच्या माळावरचे मांडूळ एकमेकांचे नातलग. दोघेही भक्ष्याला विळखे घालून मारतात आणि दोघांच्याही माद्या अंडी न घालता पिल्ले देतात. शास्त्रीय वर्णन १८०१ मध्ये पॅट्रिक रसेल यांनी केले. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘जॉनी’ हा शब्द तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधले क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्यावरून आला आहे. याच रानात राहणारा मांडुळाचा भाऊबंद म्हणजे डुरक्या घोणस. त्याच्या अंगावरच्या डागांमुळे लोक त्याला विषारी घोणस समजतात आणि तो फुकट मारला जातो.

जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा अकोले तालुका सह्याद्रीत आहे, उत्तरेकडचा पट्टा भंडारदरा धरणाच्या पाण्यावर बागायती झाला. पण पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा भाग पर्जन्यछायेतला. माळरान, ओढ्याकाठची पोयट्याची माती, शेताचे बांध आणि बांधातली उंदरांची बिळे हे मांडुळाचे घर. त्याचे शरीर याच घरासाठी घडलेले आहे. तोंडाचे टोक पाचरीसारखे, खालचा जबडा आत सरकलेला, त्यामुळे माती रेटताना तोंडात जात नाही. डोळे बारीक, नाकपुड्या फटीसारख्या. दिवसभर ते मातीत असते, तिन्हीसांजेला वर सरकते. कधी उंदराच्या बिळात शिरते, कधी मातीखालीच दबा धरून बसते. ऊन चढले की खोल जाते आणि गारवा आला की वर येते. मातीतली खोली हेच त्याचे ऊब राखण्याचे साधन आहे.

हाच साप शतकानुशतके गारुड्याच्या टोपलीतही राहिला. गारुडी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पाथर्डी तालुक्यातले मढी, म्हणजे नाथपंथातल्या कानिफनाथांचे समाधिस्थान, ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा चालते, गाढवांचा बाजार भरतो, आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतीही तिथे बसत. राजस्थानातले कालबेलिया हे साप खेळवणारे लोक ज्या कानिपांना गुरू मानतात, ते आणि कानिफनाथ एकच असे परंपरा सांगते.

गारुड्याच्या खेळात नाग हा नायक आणि मांडूळ गमतीपुरते. नाग फणा काढतो, मांडूळ काहीच करत नाही. म्हणून त्याच्याकडून काहीतरी करवून घ्यावे लागे. शेपटाच्या टोकाला डागून किंवा चिरून डोळ्या-तोंडासारख्या खुणा केल्या जात आणि मग दोन तोंडांचा साप लोकांपुढे ठेवला जाई. सापाने स्वतःच्या बचावासाठी योजलेली फसवणूक माणसाने अशी बाजारात आणली. तरीही टोपलीला सरसकट वाईट म्हणता येत नाही. अंधार आणि चहूबाजूंनी अंगाला टेकणारी जागा मिळाली की साप शांत राहतो, हे गारुड्याला अनुभवाने ठाऊक होते आणि ते खरे आहे. चुकत होते ते पुढचे. टोपलीत अंग सरळ करता येत नाही, ऊब आणि गारवा यांत निवड नाही, आणि रेटायला माती नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांचे खेळ हळूहळू बंद पडत गेले. तमिळनाडूत इरुळ लोकांच्या साप पकडण्याच्या कसबाला १९७८ मध्ये सहकारी संस्थेचा आधार मिळाला. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणारे विष ती संस्था काढते. महाराष्ट्रात मांडुळाच्या नशिबी दुसरेच आले. त्याच्या अंगी गुप्तधन दाखवण्याची, पैशांचा पाऊस पाडण्याची शक्ती आहे अशी अफवा पिकली आणि वजनावर भाव ठरू लागला. जितके जड तितके महाग, म्हणून त्याला कोंबून खाऊ घालण्याचेही प्रकार झाले. अशी मांडुळे पोत्यांतून, बादल्यांतून, प्लास्टिकच्या डब्यांतून जप्त होतात. गारुड्याची टोपली यापेक्षा बरी होती.

भारतात मांडूळ घरी पाळता येत नाही. परदेशी बोआ किंवा अजगर पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. देशी सापांना बरे घर द्यायचा प्रश्न त्यामुळे मुख्यतः सर्पोद्यानांपुढे आणि जप्तीतले साप सांभाळणाऱ्या केंद्रांपुढे येतो. पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झाले. बंदिवासातल्या प्राण्याला त्याच्या रानातल्या वागणुकीला वाव हवा, हा विचार स्वित्झर्लंडचे हायनी हेडिगर यांनी १९४२ च्या पुस्तकात मांडला. सापांपर्यंत तो यायला मात्र फार वेळ लागला. साप नुसता पडून असतो, त्याला काय हवे, अशीच समजूत होती. अमेरिकेत गॉर्डन बर्गहार्ट आणि अल्मली यांनी २००६ मध्ये दाखवले की साध्या, ओक्याबोक्या खोक्यात वाढलेल्या आणि फांद्या, लपायच्या जागा असलेल्या खोक्यात वाढलेल्या धामणवर्गीय सापांच्या वागण्यात फरक पडतो.

मांडुळाच्या बाबतीत या विचाराचा अर्थ पहिल्यांदा माती असाच होतो. निदान वीतभर जाडीचा भुसभुशीत, कोरडा थर. त्यावर एखादा चपटा दगड, खापराचा तुकडा. एक बाजू उबदार, एक थंड. कोपऱ्यात पाण्याचे भांडे. उंदराचा वास मातीवर रेघेसारखा ओढून ठेवला तर मांडूळ जीभ बाहेर काढत त्या रेघेने जाते. खाणे संध्याकाळी. थंडीत ते मंदावले तर त्याला डिवचू नये. उंच फांद्यांचे मात्र काम नाही. तरुण बोआ झाडावर चढतात म्हणून मांडुळाच्या पेटीतही फांदी रोवणे, ही सजावट पाहणाऱ्यासाठी होते, सापासाठी नाही. चांगल्या घरातले मांडूळ दिवसा बहुधा दिसतच नाही; काचेपुढे उभे असलेले पाहुणे यावर कुरकुरतात.

जप्त केलेले धडधाकट मांडूळ न्यायालयाच्या परवानगीनंतर रानात सोडले जाते. तेव्हाही जागा मातीवरूनच ठरवावी लागते. मुरमाड, कडक जमिनीवर दुपारी सोडले तर ते उन्हात उघडे पडते आणि घारी-कावळ्यांच्या नजरेस येते. बांधाच्या कडेला, उंदरांची बिळे असलेल्या मोकळ्या मातीत, दिवस मावळल्यावर सोडले की तोंड खुपसायला त्याला फार वेळ लागत नाही. मग अंग आत सरकते आणि बोथट शेपूट सर्वांत शेवटी.