म. गो.

इतिहासाच्या पुस्तकात ‘म. गो.’ आले की पुढे ‘रानडे’ येणार, हे आपण धरूनच चालतो. महादेव गोविंद. निफाडला १८४२ साली जन्मलेले, न्यायमूर्ती झालेले, पुण्यात मुलींसाठी हुजूरपागा शाळा काढणाऱ्यांपैकी एक. पण आमच्या पेडणे तालुक्यात, कोरगावच्या तिठ्यावर ही अक्षरे कानावर आली तर रानडे कुणाला आठवत नाहीत. इथे मधली टिंबेही गळून पडतात. मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक. सिंहाचा पक्ष.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि १९६३ मध्ये हा पक्ष निघाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्याची मागणी नावातच होती. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स. त्याचेही लोकांनी ‘युगो’ करून टाकले. त्याच डिसेंबरात निवडणूक झाली आणि पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर, सगळ्यांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले.

आता कोरगावसारख्या गावात मगोचा अर्थ काय होता? पेडणे पोर्तुगीजांकडे आले ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. तेरेखोलपलीकडे शिरोडा, आरोंदा. सोयरीक तिकडची, देवळातले कीर्तन मराठीत. तेव्हा विलीनीकरण हा एक अर्थ झालाच. पण जमीन भाटकाराची आणि घाम कुळाचा, अशी इथली रीत. त्या कुळाला मगो म्हणजे १९६४ चा कूळ कायदा. मुलीला शिकवू पाहणाऱ्या आईला मगो म्हणजे गावात आलेली मराठी प्राथमिक शाळा. आणि ज्याला गोव्याची वेगळी ओळख जपायची होती, त्याला याच दोन अक्षरांत आपले घर पुसले जाण्याची भीती दिसत होती. तीही खोटी नव्हती.

१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. गंमत बघा, रानड्यांची पुण्यतिथीही १६ जानेवारीचीच. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी ‘महाराष्ट्रवादी’ या शब्दाचा निकाल लागला.

पक्ष संपायला हवा होता, नाही का? पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा घेऊन मगोच पुन्हा सत्तेवर आला. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला, त्यांच्यातल्याही काहींनी सिंहावर मारला असणार. भाऊसाहेबांच्या पश्चात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला, म्हणजे राहत्या घराखालच्या जमिनीचा प्रश्न. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले, विलीनीकरणाचा विषयच मिटला. तरी २०२२ मध्ये मांद्रे मतदारसंघातून मगोचा आमदार निवडून आलाच.

आमच्या जैन घरांत अनेकांत लहानपणापासून कानावर पडतो: वस्तू एक, पण कोणत्या अपेक्षेने बघता त्यावर तिचे रूप. मगोचेही तसेच. नातवंडांनी विचारले तर ‘महाराष्ट्रवादी गोमंतक’ एवढे सांगून थांबू नये. कुळाची जमीन, मुंडकाराचे घर, पोरीची पाटी आणि दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याचे भय, हेही त्यांना सांगावे. नाहीतर हरलेली मागणी तेवढी त्यांच्या लक्षात राहील, आणि आजीला लिहायला कुठल्या शाळेने शिकवले ते कळणार नाही.