कडब्यातली खेळणी

आमच्या लातूर-नांदेड भागात लेकरांना खेळणी विकत आणायची चाल नव्हती. जत्रेतली एखादी पिपाणी, तेवढंच. बाकी सगळं शेतातून यायचं. ज्वारीच्या धाटाची साल सोलायची, आतला पांढरा भेंड काढायचा आन् बाभळीचे काटे टोचून बैलगाडी जोडायची. पोळ्याला काळ्या मातीचे बैल. पोरींना चिंध्यांची बाहुली, सागरगोटे, चिंचोके.

मोठी माणसं याला पोरखेळ म्हणायची. पण माती मळून बोटांत बळ यायचं, त्याच बोटांनी पुढं पेन्सिल धरायची. एक चाक लहान झालं की गाडी कलंडायची, मग मापाचं भान यायचं. चिंचोके वाटून घेताना मोजणीही व्हायची आन् भांडण मिटवायची सवयही लागायची.

ताराबाई मोडकांनी हे जाणलं होतं. मॉन्टेसरीची महाग साधनं खेड्याला कुठून परवडणार? १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांची साधनं. लेकरं बालवाडीत येईनात, तवा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आन् हे नाव गावोगाव गेलं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं बाया खडी फोडायच्या आन् लेकरं बाजूला त्याच खड्यांचं दुकान मांडायची. पोटात मिलोची भाकर, तरी खेळ चालूच. दुष्काळाला जे जमलं नाही ते पुढं पीक बदलल्यानं झालं. ज्वारी हटली, सोयाबीन आलं. सोयाबीनचा भुसा होतो, त्याची गाडी होत नाही. ट्रॅक्टर आला, दावणीचे बैल गेले. मातीचा बैल कुणाला बघून करायचा? आता तीन वर्षांचं लेकरूही गप बसावं म्हणून हाती मोबाईल देतात. त्यात बोट नुसतं सरकतं, वळत नाही, दाबत नाही, जोडत नाही.

सोयाबीन सोडा असं मी म्हणत नाही, पैसा त्यातच आहे. पण कडेनं ज्वारीचे चार तास पेरावेत. सुगीनंतर पेंडीभर धाटं आन् पाटीभर काळी माती अंगणवाडीत नेऊन द्यावी. गाडी करता येणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना तिथं बसवावं, ती आहेत तोवरच.