जड धातूंना कोंडून ठेवणारी जनुके

सेंद्रिय विषांचे रेणू सूक्ष्मजीवांना पुष्कळदा फोडता येतात. कॅडमियम, शिसे, पारा ही मात्र मूलद्रव्ये असल्याने कोणत्याही सजीवाला ती नष्ट करता येत नाहीत. एका जागी रुजलेल्या वनस्पतीला तर विषापासून दूरही जाता येत नाही. धातूला पकडून, तो कमीत कमी अपाय करील अशा ठिकाणी कोंडून ठेवणे, हाच तिच्यापुढील मुख्य मार्ग. या कामाची जनुके वनस्पतींप्रमाणेच यीस्टमध्येही आढळतात.

लोह, जस्त, मँगनीज या आवश्यक धातूंच्या वाटेनेच कॅडमियम मुळांत शिरते आणि पेशीतील प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बिघडवते. त्याला आवर घालणाऱ्या रेणूंना ‘फायटोकेलेटिन’ म्हणतात. नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ वनस्पती. उत्तरार्ध खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. ते यथार्थच आहे, कारण या रेणूंतील गंधक धातूला नांगीसारखे घट्ट धरते. १९८१ मध्ये जपानी संशोधकांना हे रेणू ‘शिझोसॅकॅरोमायसिस पोम्बे’ या यीस्टमध्ये सापडले. १९८५ मध्ये जर्मन संशोधकांनी ते वनस्पतींतही दाखवून दिले.

हे रेणू घडवणाऱ्या विकराचे जनुक १९९९ मध्ये तीन संशोधनगटांनी स्वतंत्रपणे शोधले. गव्हातील हे जनुक पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घालताच त्याची कॅडमियम सोसण्याची क्षमता वाढली. उलट, मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसच्या ज्या रोपांत हे जनुक निकामी होते, त्यांना कॅडमियम सोसेना. हे विकर पेशीत आधीपासूनच असते. धातू येताच ते जागे होते आणि ग्लुटाथायोन या नेहमीच्या द्रव्यापासून फायटोकेलेटिन बनवू लागते.

पकडलेला धातू मग पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे जणू कोठडीत, ढकलला जातो. पोम्बे यीस्टमध्ये या कामाशी ‘एचएमटी-१’ हे जनुक निगडित आहे. पावाच्या यीस्टमध्ये फायटोकेलेटिन घडवणारे हे जनुक नाही. तेथे ‘वायसीएफ-१’ ग्लुटाथायोनने धरलेला धातू आत लोटते. २००३ मध्ये हेच जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घालण्यात आले, तेव्हा रोपे शिसे व कॅडमियम अधिक सोसू लागली; तसेच ते अधिक साठवूही लागली.

ही कोठडी रोपाच्या कोणत्या भागात आहे, यावर आपल्या ताटात काय येते ते ठरते. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातशेतीत उतरले आणि तेथील माणसांची हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. भाताचे ‘एचएमए-३’ हे जनुक कॅडमियमला मुळांच्या रिक्तिकांतच रोखते. ज्या वाणांत ते दुबळे असते, त्यांच्या दाण्यांत अधिक कॅडमियम पोहोचते. ‘एनरॅम्प-५’ हे जनुक मुळांचे प्रवेशद्वार सांभाळते; २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी ते निकामी असलेली कोशिहिकारी भाताची रोपे मिळवली, आणि त्यांच्या दाण्यांत कॅडमियम जवळजवळ उतरलेच नाही.

म्हणूनच ‘धातू सोसणारे पीक’ आणि ‘खाण्यास सुरक्षित पीक’ यांत गल्लत होता कामा नये. जमीन शुद्ध करण्यासाठी लावलेली झाडे विष आपल्या अंगात साठवतात. ती गुरांपुढे टाकली वा शेतातच कुजू दिली, तर कोंडलेला धातू पुन्हा मोकळा होतो. भात हे ज्यांचे रोजचे अन्न, त्यांच्यासाठी तर हा भेद जिवाभावाचा आहे.