जू आणि वर्दी

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते आणि तिच्यासोबत गुरांचा मोठा बाजार. तिथून घेतलेला बैल दावणीला आला म्हणून गाडी चालत नाही. मानेवर जू पडावं लागतं. लिनक्सवर पेनड्राइव्ह खोचला आणि तो 'दिसत नाही' अशी तक्रार आली, की बहुतेक वेळा बैल दावणीला असतो, जुंपलेला नसतो. 'माउंट'चा कोशातला अर्थ चढणे, आरोहण करणे. पण संगणकातल्या क्रियेला 'जुंपणे' हाच शब्द मला जवळचा वाटतो, आणि 'अनमाउंट'ला साधं 'सोडणे'.

या शब्दाचं कूळ शोधलं तर एक गंमत हाती लागते. टेपची रिळं आणि डिस्कच्या जाड थाळ्या यंत्रावर चढवणं हे ऑपरेटरच्या हातांचं काम होतं; माउंट करायचं ते त्यानंच. १९७१च्या नोव्हेंबरात लिनक्सच्या पूर्वज युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली तेव्हा तिच्यात 'माउंट' ही आज्ञा होती, पण तिचं काम एवढंच, की काढता-घालता येणारी फाइल व्यवस्था अमुक उपकरणावर हजर आहे अशी वर्दी यंत्रणेला द्यायची. (सोडण्याच्या आज्ञेतला 'न' तेव्हापासून गळालेला आहे, ती 'अनमाउंट' नसून 'यूमाउंट'.) म्हणजे पेनड्राइव्ह खोचताच होणाऱ्या 'ऑटोमॅटिक माउंट'चं नावच थोडं फसवं. चढवणारा हात आजही माणसाचाच आहे, पेनड्राइव्ह कुणीतरी खोचतंच. आपोआप झाली ती फक्त वर्दी. तेव्हा बिघाड शोधताना विचारायचा प्रश्न एकच: वर्दी कुणापाशी अडली?

पूर्वी वर्दी देणारा एक माणूस होता, आता साखळी आहे. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, उपकरण ओळखतो. २००३ मध्ये आलेला 'यूडेव्ह' त्याला नाव देतो. २००४च्या सुमारास लिनक्सचे प्रोग्रामर रॉबर्ट लव्ह यांच्या 'प्रोजेक्ट युटोपिया'नं डेस्कटॉपला ही खबर ऐकायला शिकवलं. तेव्हाचा मधला दुवा 'हॅल' पुढे मोडीत निघाला आणि त्याच्या जागी 'यूडिस्क्स' आला. परवानगी आहे का ते 'पोलकिट' बघतो. आणि शेवटी 'जुंपा' म्हणणारा असतो डेस्कटॉपच. एखाद्या जुन्या यंत्रावर हलका डेस्कटॉप टाकला आणि हा शेवटचा गडी आलाच नाही, तर बाकी सगळे हजर असून पेनड्राइव्ह उघडत नाही. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपात हा गडी म्हणजे 'थुनार-व्होलमन'. तो नसेल किंवा त्याच्या सेटिंगमधली आपोआप जुंपण्याची खूण काढलेली असेल, तर कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून तपासणीही याच क्रमानं. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये उपकरणाची नोंद नसेल तर दोष पोर्टचा, केबलचा किंवा खुद्द पेनड्राइव्हचा. नोंद असून 'एलएसबीएलके' या आज्ञेनं दिलेल्या डिस्कच्या यादीत माउंटची जागा रिकामी असेल, तर अडचण वरच्या दुव्यांत.

यावर आक्षेप ठरलेला: विंडोजमध्ये हे लचांड का नाही? लचांड तिथंही आहे, फक्त ड्राइव्हच्या अक्षराआड झाकलेलं. उलट विंडोजचीच एक सवय इकडे आडवी येते. २०१२च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप'मध्ये यंत्र बंद केलं तरी कर्नल अर्धवट झोपलेला राहतो, विंडोजच्या एनटीएफएस फाइल व्यवस्थेची डिस्क पूर्ण सोडलेली नसते. तशी डिस्क लिनक्सला लावली की तो जुंपायला नकार देतो किंवा फक्त वाचू देतो. बैलाच्या मानेवर दुसऱ्याचं जू असताना त्यानं आणखी काय करावं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार: साखळीच नको, कोणती डिस्क कुठे जुंपायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये एक ओळ लिहून मोकळं व्हावं. कायमच्या डिस्कसाठी हे बरोबर. पण शहापूरच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात आसनगावहून आलेलं गिऱ्हाईक कुठला पेनड्राइव्ह काढेल हे कुणाला ठाऊक? आणि त्या ओळीत 'नोफेल' लिहायचं राहिलं, तर घरी विसरलेल्या डिस्कची वाट बघत यंत्र सुरू होताना दीड मिनिट खोळंबतं आणि मग थेट आणीबाणीच्या पडद्यावर जाऊन बसतं.

खेड्यात एवढं लिनक्स आहेच कुठे, असंही कुणी म्हणेल. मुरबाडशेजारच्या रायगड जिल्ह्यात खैराट गावच्या शाळेतल्या मुलांच्या हाती २००७ मध्येच लिनक्सवर चालणारे एक्सओ लॅपटॉप आले होते. त्यांत हार्ड डिस्क नव्हती, साठवण जेमतेम १ जीबी, पण यूएसबीची तोंडं ३. अशा यंत्रावर बाहेरून काय जोडता येतं यालाच किंमत.

राहिलं सोडणं. फाइल नकलण्याची पट्टी भरली तरी मजकूर काही वेळ मेमरीतच असतो, पेनड्राइव्हवर सावकाश उतरत राहतो. लिनक्स हे मुद्दाम करतो, कारण पेनड्राइव्ह मंद आणि मेमरी चपळ. 'इजेक्ट' दाबल्यावर तो काही क्षण गप्प बसतो तेव्हा अडकलेला नसतो, गाडीतला उरलेला माल उतरवत असतो. पेनड्राइव्हला दिवा असेल तर तो तेवढा वेळ लुकलुकताना दिसतो.