पारा, रुपे आणि राजसत्ता

पाऱ्याचे तीन गुणधर्म इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी ठेवण्यासारखे आहेत. उणे ३८.८ अंश सेल्सिअसपर्यंत तो द्रवरूप राहतो. सोने, रुपे इत्यादी धातूंशी मिसळून पारदमेल बनवितो. आणि ३५७ अंशांच्या सुमारास उकळून वाफेच्या रूपाने निघून जातो. अमेरिकेतील स्पॅनिश साम्राज्याचे रुपे बहुतांशी या गुणांच्या आधारे निघाले. त्याच गुणांमुळे पारा हे राजसत्तेचे साधन कसे बनले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये रुप्याचा डोंगर सापडला. आरंभीचे सकस खनिज तेथील इंडियन लोक वाऱ्यावर पेटणाऱ्या लहान भट्ट्यांत वितळवीत. पुढील वीसेक वर्षांत ते संपत आले व उत्पादन घसरले. निकस खनिज वितळविणे परवडणारे नव्हते. तत्पूर्वी, १५५४-५५ च्या सुमारास, मेक्सिकोतील पाचुका येथे बार्तोलोमे दे मेदिना याने निराळी रीत रूढ केली होती. खनिजाची पूड, मीठ, पाणी व पारा यांचा चिखल अंगणात पसरून तुडवीत. पुढे त्यात भाजलेल्या ताम्रखनिजाची पूडही घालू लागले. काही आठवड्यांनी चिखल धुऊन पारदमेल काढीत व तापवून पारा उडवीत. मागे रुपे उरे.

पेरूमधील वांकावेलिका येथे १५६३-६४ च्या सुमारास हिंगुळाच्या खाणी स्पॅनिशांच्या हाती आल्या. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० नंतर त्या राजसत्तेखाली आणल्या, पोतोसीत पाऱ्याची रीत सुरू करविली आणि दोन्ही ठिकाणी ‘मीता’ म्हणजे पाळीची वेठ लावली. पोतोसीचे उत्पादन लवकरच काही पटींनी वाढले.

रुप्याच्या खाणी शेकडो होत्या. राजाचा पंचमांश चुकविणे सोपे होते. पारा मात्र मुख्यतः स्पेनमधील आल्मादेन, वांकावेलिका आणि इद्रिया (आज स्लोव्हेनियात) येथूनच येई. म्हणून राजाने त्याच्या विक्रीचा मक्ता आपल्याकडे ठेवला. कोणी किती पारा नेला यावरून त्याने किती रुपे काढले असावे, हे अधिकारी ताडीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोत पाऱ्याची सरकारी किंमत दोनदा उतरविण्यात आली. त्या काळातील रुप्याच्या वाढीची ती एक कारणे होय. तथापि या हिशेबाला मर्यादा आहे. शिशाबरोबर वितळवून रुपे काढण्याची रीत अनेक खाणींत चालूच होती व ते रुपे पाऱ्याच्या वह्यांत दिसत नाही.

त्या वह्यांत आणखी एक गोष्ट दिसत नाही. मजुरांच्या श्वासात गेलेल्या वाफेची नोंद तेथे नाही. आल्मादेन येथे सक्तमजुरीचे कैदी राबत. त्यांच्या स्थितीची गुप्त चौकशी १५९३ मध्ये मातेओ आलेमान याने केली. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला तो हाच. भट्टीवरील कैद्यांना जडणारा कंप व बुद्धिभ्रंश यांविषयीच्या जबान्या तिच्यात आहेत. वांकावेलिकाची पाळी चुकविण्यासाठी कित्येक कुटुंबे गावे सोडून गेली. मीता कायद्याने रद्द झाली ती १८१२ मध्ये.

हा विषय आपल्यापासून दूरचा नव्हे. मोगल टांकसाळींना लागणारे बरेचसे रुपे बाहेरून येई. युरोपीय व्यापाऱ्यांनी सुरतेस आणलेल्या रुप्यात अमेरिकेच्या रुप्याचा वाटा मोठा होता. सतराव्या शतकातील रुपयाचा अभ्यास वजन, कस आणि टांकसाळ यांपाशी थांबतो, तेव्हा त्या रुप्यामागील वेठ दृष्टीआड राहते. पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला. परंतु लहान सोनेखाणींतून मजूर आजही पारदमेल तापवीत आहेत. वह्यांनी जे टिपले नाही ते जबान्यांतून व ओस पडलेल्या गावांच्या नोंदींतून शोधणे, हे म्हणूनच आर्थिक इतिहासाचे अंगभूत कार्य मानले पाहिजे.